दोन डगरींवरची गाडी : प्लग-इन हायब्रिड एसयूव्ही आणि मालकांच्या तक्रारी

रचना आणि अपेक्षा

प्लग-इन हायब्रिड गाडीत पेट्रोलचे इंजिन आणि विजेची मोटर अशी दोन्ही यंत्रे असतात आणि मोटरची बॅटरी घरच्या सॉकेटवर चार्ज करता येते. साध्या हायब्रिडची बॅटरी जेमतेम एक-दोन किलोवॅट-तासांची असते. ब्रेक लावताना वाया जाणारी शक्ती आणि इंजिनाची उरलेली ताकद यांवरच ती भरते. प्लग-इनची बॅटरी बहुधा १२ ते २० किलोवॅट-तासांची असते, म्हणून गाडी काही अंतर पेट्रोलचा थेंबही न जाळता जाते. हे अंतर गाडीगणिक बदलते. अमेरिकी मोजणीनुसार जीप रँग्लर फोर-बाय-ई सुमारे ३४ किलोमीटर जाते, तर टोयोटा राव्ह-४ प्राइम सुमारे ६८ किलोमीटर.

ही गाडी घेणाऱ्याचा हिशेब सरळ असतो. कामावर जाणे, मुलांना शाळेत सोडणे, बाजारहाट हे रोजचे चालणे विजेवर व्हावे आणि सुट्टीतला लांबचा प्रवास पेट्रोलवर. वाटेत चार्जर शोधण्याची चिंता नको. एसयूव्हीला हा हिशेब विशेष मानवला, कारण जड, उंच गाडी पेट्रोल जास्त पिते आणि तिच्या पोटात बॅटरी बसवायला जागाही असते. विजेची गाडी घ्यायला मन धजत नाही आणि निव्वळ पेट्रोलची घेताना टोचते, अशा ग्राहकासाठी हा मधला मार्ग होता. गेल्या दहा-बारा वर्षांतला वाद हा मार्ग खरोखर मधला आहे की दोन्ही बाजूंच्या अडचणी एकत्र करणारा, याचा आहे.

पार्श्वभूमी

मोठ्या संख्येने बनलेली पहिली प्लग-इन हायब्रिड म्हणजे चीनच्या बीवायडी कंपनीची एफ-३-डीएम. ती डिसेंबर २००८ मध्ये बाजारात आली. बरोबर दोन वर्षांनी अमेरिकेत शेव्हरोले व्होल्ट आली. यांपैकी एकही एसयूव्ही नव्हती. एसयूव्हीत या तंत्राचे खरे पदार्पण मित्सुबिशी आउटलँडरने केले. जानेवारी २०१३ मध्ये जपानमध्ये तिची विक्री सुरू झाली आणि दोनच महिन्यांत एका डीलरकडे उभ्या गाडीची बॅटरी अतितापून वितळली. कंपनीने उत्पादन थांबवले आणि ते पुन्हा सुरू व्हायला ऑगस्ट उजाडला. या वर्गाच्या तक्रारींचा इतिहास असा त्याच्या जन्माबरोबरच सुरू होतो.

तरीही आउटलँडर खपली, आणि खपली ती मुख्यतः कराच्या सवलतींमुळे. २०१३ च्या अखेरीस नेदरलँड्समध्ये कमी कर्बउत्सर्जनाच्या कंपनी-गाड्यांवरची करमाफी संपत आली होती. ती हातची जाऊ नये म्हणून नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये या गाडीवर उड्या पडल्या. पुढे युरोपीय संघाने नव्या गाड्यांच्या सरासरी उत्सर्जनाची मर्यादा किलोमीटरमागे ९५ ग्रॅमवर आणली. ज्यांचा नफा मोठ्या गाड्यांवर चालतो अशा कंपन्यांना प्लग-इन एसयूव्ही जणू नियामकाकडे भरायची पावती झाली. व्होल्व्हो एक्ससी-९० टी-८, रेंज रोव्हर पी-४००ई, बीएमडब्ल्यू एक्स-५, फोर्ड कुगा अशी रांग लागली. अमेरिकेत रँग्लर फोर-बाय-ई २०२१ मध्ये आली आणि पाहता पाहता त्या देशातली सर्वाधिक खपाची प्लग-इन झाली. तिथेही साडेसात हजार डॉलरपर्यंतच्या संघीय करसवलतीचा आणि भाडेकरारातल्या पळवाटेचा हात होता. ती सवलत ३० सप्टेंबर २०२५ रोजी संपली.

ही पार्श्वभूमी ध्यानात ठेवावी लागते, कारण पुढच्या बऱ्याच तक्रारींचे मूळ तिच्यात आहे. या गाड्यांचा मोठा हिस्सा ग्राहकाच्या गरजेपेक्षा सरकारी नियमाच्या गरजेतून जन्मला, आणि नियमाची तारीख गाठण्यासाठी केलेली गाडी तावून सुलाखून निघायला वेळ कमी मिळतो.

तक्रारींचे स्वरूप

गाडी बंद पडणे ही कोणत्याही गाडीची तक्रार असू शकते. प्लग-इन एसयूव्हीच्या मालकांचा वैताग मात्र वेगळ्या जातीचा आहे. पुष्कळदा गाडी चालत असते, पण ज्यासाठी ती घेतली ते काम तिच्याकडून होत नाही.

याचे ठळक उदाहरण म्हणजे चार्जिंगवरची बंदी. २०२० च्या उन्हाळ्यात फोर्डने युरोपातल्या सुमारे साडेवीस हजार कुगा प्लग-इन मालकांना पुढची सूचना मिळेपर्यंत गाडी चार्ज करू नका, असे कळवले. बॅटरी अतितापून आग लागण्याच्या घटना घडल्या होत्या आणि दोष पुरवठादाराकडून आलेल्या सेलमधल्या अशुद्धीत असल्याचे निष्पन्न झाले. बॅटरी बदलून द्यायचे काम डिसेंबरअखेरीपर्यंत सुरूच झाले नाही. म्हणजे जादा पैसे मोजून घेतलेली गाडी कित्येक महिने साध्या हायब्रिडसारखी, आणि बॅटरीचे ओझे वाहत, पेट्रोलवर फिरत राहिली. त्याच वर्षी बीएमडब्ल्यूने सेलमधल्या कणांच्याच कारणावरून जगभरातल्या सुमारे २६ हजार ७०० प्लग-इन गाड्या परत बोलावल्या. फोर्डला त्या वर्षीचे उत्सर्जनाचे गणितही एकट्याने जुळवता आले नाही. त्यासाठी व्होल्व्होबरोबर भागी करावी लागली. नियमाची भूक भागवायला आणलेली गाडी नियमाच्याच आड आली.

दुसरी तक्रार दिसायला क्षुल्लक, पण मालकाला सर्वांत जास्त हेलपाटे घालायला लावणारी. या गाड्यांत शेकडो व्होल्टची मोठी बॅटरी असते आणि तिच्याशिवाय एक साधी १२ व्होल्टचीही असते. दरवाजांची कुलुपे, डॅशबोर्ड, संगणक आणि मोठ्या बॅटरीला जोडणारे स्विच हे सगळे या धाकट्या बॅटरीवर जागे होतात. ती उतरली की मोठीत भरपूर वीज असूनही गाडी दगडासारखी निपचित पडते. गाडी उभी असतानाही तिचे संगणक मोबाइल ॲपशी बोलण्यासाठी, चार्जिंगची वेळ पाळण्यासाठी अधूनमधून जागे होतात. एखाद्या संगणकाला झोप नीट लागली नाही की रात्रभरात धाकटी बॅटरी संपते. सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी नेली की तिथे ती नीट वागते, घरी आणली की पुन्हा तेच. ‘दोष आढळला नाही’ असा शेरा मारलेला कागद हा या गाड्यांच्या मालकांचा सामाईक अनुभव म्हणता येईल.

तिसरी गोष्ट दोष नसून रचनेचा भाग आहे, पण मालकाला ती दोषच वाटते. गाडी रोज विजेवर फिरली तर टाकीतले पेट्रोल महिनोन्‌महिने तसेच पडून शिळे होते. शिवाय इंजिन कधीमधी थोडाच वेळ चालले तर ते पुरते तापत नाही. न जळलेले पेट्रोल इंजिन ऑइलमध्ये उतरते आणि ऑइल पातळ होते. म्हणून गाडी स्वतःहून ठरवते, की आता इंजिन चालवायचे. शेव्हरोले व्होल्टमध्येही अशी देखभालीची पद्धत होती. जीपमध्ये तिचे नाव फॉर्म, म्हणजे इंधन आणि ऑइल ताजे करण्याची अवस्था. ती एकदा सुरू झाली की बॅटरी काठोकाठ भरलेली असली तरी विजेवर जाण्याचे बटण चालत नाही. पेट्रोल शिळे असेल तर नवे भरल्यावर ती सुटते. ऑइल पातळ झाले असेल तर इंजिन पुरेसे तापेपर्यंत किंवा ऑइल बदलेपर्यंत. हिवाळ्यात छोट्या फेऱ्या मारणाऱ्यांच्या गाड्या या चक्रात आठवडेच्या आठवडे अडकून पडल्या. गंमत अशी, की ही शिक्षा नेमकी त्याच मालकाला होते ज्याने गाडी सांगितल्याप्रमाणे, रोज चार्ज करून वापरली. थंडीचा त्रास इतर कंपन्यांच्या गाड्यांतही आहे: अनेक मॉडेलांत हीटर लावला की इंजिन सुरू होते, आणि उत्तरेकडच्या देशांत वर्षातले चार महिने ‘विजेची गाडी’ हे नाव कागदावरच राहते.

सॉफ्टवेअरच्या तक्रारी अलीकडे सर्वांत गंभीर झाल्या आहेत. व्होल्व्होच्या एक्ससी-९० आणि इतर प्लग-इन गाड्यांत एका अद्ययावतीकरणानंतर असा दोष शिरला, की विशिष्ट ब्रेकिंग अवस्थेत उतारावरून सलग एक मिनिट चाळीस सेकंद किंवा जास्त वेळ गाडी तशीच सोडली तर ब्रेक पेडल काम करीनासे होई. २०२५ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत त्यासाठी गाड्या परत बोलावल्या गेल्या. दुरुस्तीही सॉफ्टवेअरचीच होती. विकत घेताना गाडीत नसलेला दोष नंतर हवेतून येऊन बसतो, हा मोटार-व्यवसायाला तसा नवाच प्रकार आहे.

एका गाडीची कथा : जीप फोर-बाय-ई

हे सगळे प्रकार एकाच गाडीत पाहायचे तर जीप रँग्लर फोर-बाय-ई आणि तिची मोठी बहीण ग्रँड चेरोकी फोर-बाय-ई यांच्याकडे वळावे लागते. रँग्लरमध्ये दोन लिटरचे टर्बो इंजिन, आठ गिअरच्या गिअरबॉक्समध्ये बसवलेली मोटर आणि मागच्या सीटखाली सुमारे १७ किलोवॅट-तासांची बॅटरी आहे. दोन्ही मिळून ३७५ अश्वशक्ती. दगडधोंड्यांतून आवाज न करता विजेवर चढणारी जीप, ही कल्पनाच इतकी मोहक होती, की गाडी मुख्यतः तिच्यावर विकली गेली.

२०२२ मध्ये चालू गाडीचे इंजिन अचानक बंद पडू शकते म्हणून सुमारे ६३ हजार रँग्लर परत बोलावल्या गेल्या. नोव्हेंबर २०२३ मध्ये आगीच्या धोक्यामुळे सुमारे ३२ हजार गाड्यांच्या मालकांना सूचना गेली: चार्ज करू नका आणि गाडी घरापासून, इतर गाड्यांपासून दूर, उघड्यावर लावा. पुढच्या वर्षी तीच सूचना, ग्रँड चेरोकीसह, अमेरिकेतल्या १ लाख ५४ हजार गाड्यांना गेली. उपाय म्हणून बॅटरीतला बिघाड हेरणारे सॉफ्टवेअर दिले गेले आणि संशयास्पद आढळलेल्या बॅटऱ्या बदलल्या गेल्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये आकडा ३ लाख २० हजारांवर गेला. त्यांत आधी ‘दुरुस्त’ झालेल्या गाड्याही होत्या, कारण त्या सॉफ्टवेअरला हेरता न आलेल्या बॅटऱ्यांनी पेट घेतला होता. कंपनीकडे तोवर १९ आगींची नोंद झाली होती आणि सूचना निघाली तेव्हा पक्का उपाय तयार नव्हता.

दोषाचा माग सेलच्या आतल्या विभाजकापर्यंत, म्हणजे धन आणि ऋण थरांना वेगळे ठेवणाऱ्या कागदासारख्या पातळ पडद्यापर्यंत लागतो. तो कुठे दुखावला गेला आणि इतर काही गोष्टी जुळून आल्या तर सेल आतल्या आत शॉर्ट होतो. हे सेल सॅमसंग एसडीआयचे. फेब्रुवारी २०२५ मध्ये या पुरवठादाराने फोर्ड, जीपची मालक कंपनी स्टेलांटिस आणि फोक्सवॅगन समूह यांच्या मिळून १ लाख ८० हजारांहून अधिक गाड्यांतल्या बॅटऱ्यांबाबत अमेरिकी सुरक्षा नियामकाकडे नोंद केली. त्यामुळे हा एका जीपचा प्रश्न राहिला नाही. अर्थात, मालकाच्या दृष्टीने सेल कोरियातला की हंगेरीतला याला अर्थ नाही. त्याचा करार गाडी विकणाऱ्याशी आहे.

ऑक्टोबर २०२५ मध्ये आणखी एक घटना घडली. शनिवार-रविवारच्या तोंडावर हवेतून पाठवलेल्या एका अद्ययावतीकरणानंतर काही रँग्लर फोर-बाय-ई रस्त्यात, अगदी हायवेवर चालत असताना, ताकद गमावून थांबल्या. कंपनीने ते मागे घेतले, दुरुस्ती पाठवली आणि सुमारे २४ हजार गाड्यांची अधिकृत रिकॉल नोंद झाली. आदल्याच महिन्यात वेगळ्या सॉफ्टवेअर-दोषासाठी सुमारे ९२ हजार ग्रँड चेरोकी परत बोलावल्या गेल्या होत्या. जानेवारी २०२६ मध्ये स्टेलांटिसने उत्तर अमेरिकेतल्या आपल्या प्लग-इन गाड्या २०२६ च्या मॉडेलपासून बंद करत असल्याचे जाहीर केले. मागणीचा कल बदलल्याचे कारण दिले गेले आणि करसवलत संपल्यावर ते खोटेही म्हणता येत नाही. पण ज्यांच्या अंगणात उघड्यावर लावलेली, चार्ज न करता येणारी गाडी उभी होती त्यांना त्याचा अर्थ वेगळाच लागला.

आकडे काय सांगतात

विश्वासार्हतेचे मोठे सर्वेक्षण मुख्यतः अमेरिकेत होते. कन्झ्युमर रिपोर्ट्स ही ग्राहकसंस्था आपल्या सभासदांना गेल्या बारा महिन्यांतल्या बिघाडांविषयी विचारते. २०२३ च्या अहवालात, सुमारे ३ लाख ३० हजार गाड्यांच्या माहितीवरून, प्लग-इन हायब्रिडमध्ये पेट्रोल गाड्यांपेक्षा १४६ टक्के जास्त बिघाड आढळले. साध्या हायब्रिडमध्ये मात्र २६ टक्के कमी. २०२४ मध्ये प्लग-इनचा आकडा ७० टक्क्यांवर उतरला आणि २०२५ मध्ये पुन्हा ८० टक्क्यांच्या आसपास गेला. जे. डी. पॉवर या सर्वेक्षण संस्थेच्या २०२५ च्या अभ्यासात तीन वर्षे जुन्या प्रत्येक शंभर प्लग-इन गाड्यांमागे २४२ तक्रारी होत्या, पूर्ण विजेच्या गाड्यांमागे २२३, तर पेट्रोल आणि साध्या हायब्रिडमागे दोनशेच्या आसपास.

दोन संस्था, दोन पद्धती, आणि दोन्हींत प्लग-इन तळाला. यावरून निष्कर्ष काढताना मात्र थोडे थांबावे लागते. जे. डी. पॉवरच्या मोजणीत गाडी बंद पडणे ही एक तक्रार आणि फोन न जुळणे हीही एकच तक्रार. कन्झ्युमर रिपोर्ट्सचे सभासद हे सर्व ग्राहकांचे प्रतिनिधी असतीलच असे नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ‘प्लग-इन’ हा सरासरीचा गट आहे आणि त्याची टोके एकमेकांपासून फार लांब आहेत. क्रायस्लरच्या पॅसिफिका हायब्रिडसारखी गाडी यादीच्या अगदी तळाशी होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये तिच्या २०१७-१८ च्या गाड्या बारा आगींनंतर परत बोलावल्या गेल्या होत्या. त्याच गटातली राव्ह-४ प्राइम सरासरीच्या वर होती. थोड्या मॉडेलांच्या वर्गात एखाद-दुसरी फार खपणारी आणि फार बिघडणारी गाडी अख्ख्या वर्गाचे नाव खाली आणते.

दोष रचनेचा की कारागिरीचा

इथून अभ्यासकांत आणि व्यवसायात दोन मुख्य मते होतात.

पहिले मत असे, की दोष कल्पनेतच आहे. एक ना धड, भाराभर चिंध्या. पेट्रोल गाडीत बिघडू शकणारे सगळे इथे आहे: इंजिन, गिअरबॉक्स, रेडिएटर, सायलेन्सर. विजेच्या गाडीत बिघडू शकणारेही सगळे आहे: मोठी बॅटरी, मोटर, इन्व्हर्टर, चार्जर. आणि दोघांना जुळवणारा तिसरा थर, म्हणजे क्लच, नियंत्रक आणि सॉफ्टवेअर, हा तर फक्त इथलाच. भाग वाढले की बिघाड वाढणार, ही साधी शक्यता आहे. त्यातून प्लग-इनची बॅटरी लहान असल्याने तिच्यावर ताण मोठा पडतो. पूर्ण विजेच्या गाडीची बॅटरी आठवड्यातून एक-दोनदा भरली तरी चालते. हिची रोज रिकामी होते आणि रोज भरते.

दुसरे मत म्हणते, की असे असते तर साधी हायब्रिड पेट्रोल गाडीपेक्षा कमी बिघडलीच नसती. तिच्यातही दोन यंत्रे आहेतच. फरक जुळणीत आहे. टोयोटाची रचना १९९७ च्या प्रियसपासून चालत आलेली. त्यात नेहमीचा गिअरबॉक्स नाही, घसरणारा क्लच नाही. एका ग्रहीय चक्रमालेत इंजिन आणि दोन मोटरी कायम गुंतलेल्या असतात. राव्ह-४ प्राइम म्हणजे तीच जुनी ओळखीची यंत्रणा, फक्त बॅटरी मोठी. मित्सुबिशीनेही गिअरबॉक्स टाळला. याउलट जीप, बीएमडब्ल्यू, रेंज रोव्हर यांनी आहे त्या पेट्रोल गाडीच्या गिअरबॉक्समध्ये मोटर बसवली. त्यामुळे कारखाना तोच राहिला, ओढण्याची ताकद टिकली, पण इंजिन दर वेळी धक्का न बसता जोडणे-सोडणे हे सॉफ्टवेअरच्या माथी आले. व्होल्व्होने तिसरी वाट घेतली: इंजिन पुढच्या चाकांना, मोटर मागच्या चाकांना, मधे लोखंडी दुवा नाही. या मतानुसार ‘प्लग-इन हायब्रिड बेभरवशाची’ हे विधान ‘हॉटेलचे जेवण वाईट’ या विधानाइतकेच ढोबळ आहे.

दुसऱ्या मताकडे पुरावा जास्त झुकतो, पण ते सगळे समजावून सांगत नाही. सेलमधला दोष जुळणीच्या कौशल्याने टळत नाही. चीनमध्ये प्लग-इनचा सर्वांत मोठा अनुभव असलेल्या बीवायडीनेही ऑक्टोबर २०२५ मध्ये २०१५ ते २०१७ दरम्यान बनवलेल्या ४४ हजारांहून अधिक टँग एसयूव्ही मोटर-नियंत्रकातल्या दोषासाठी परत बोलावल्या. अनुभवाने बिघाड कमी होतात. शून्य होत नाहीत, आणि आठ-दहा वर्षांनीही वर येतात.

बचतीचा वाद

विश्वासार्हतेला लागून असलेला दुसरा प्रश्न खर्चाचा. कागदावर या गाड्यांचे उत्सर्जन नगण्य दिसते, कारण सरकारी चाचणीत किती किलोमीटर विजेवर जाणार याचे एक गृहीत प्रमाण धरलेले असते. युरोपीय आयोगाने गाड्यांमध्येच बसवलेल्या इंधनमापकांची माहिती गोळा केली, तेव्हा २०२१ मध्ये नोंदलेल्या प्लग-इन गाड्यांचे प्रत्यक्ष उत्सर्जन चाचणीच्या साडेतीन पट निघाले. पेट्रोल-डिझेल गाड्यांत ही तफावत वीसेक टक्क्यांचीच होती.

पर्यावरण संघटना याला फसवा हिशेब म्हणतात. कंपन्यांचे म्हणणे, की गाडीचा दोष नाही, चार्ज न करणाऱ्याचा आहे. बॅटरी मोठी करा, चार्जर वाढवा, तफावत आपोआप मिटेल. ब्रिटनमध्ये २०१८ मध्ये कंपन्यांनी परत केलेल्या काही गाड्यांत चार्जिंगची केबल प्लास्टिकच्या वेष्टनातून बाहेरही काढलेली नव्हती, हे उदाहरण दोन्ही बाजू आपापल्या सोयीने देतात. कंपनी पेट्रोलचे पैसे भरणार आणि घरच्या विजेचे बिल मात्र आपले, अशी व्यवस्था असली तर केबल कोण उघडेल? युरोपने ते गृहीत प्रमाण २०२५ पासून टप्प्याटप्प्याने कडक केले आहे. एक बारकावा मात्र दोन्ही बाजूंकडून निसटतो: बंदीमुळे चार्ज न झालेली किंवा फॉर्ममध्ये अडकलेली गाडीही त्याच आकडेवारीत आळशी मालकाच्या खात्यावर जमा होते.

दाद कुठे मागायची

अमेरिकेत वारंवार दुरुस्त न होणाऱ्या नव्या गाडीसाठी राज्याराज्यांत ‘लेमन लॉ’ आहेत. पहिला १९८२ मध्ये कनेक्टिकटने केला. ठरावीक वेळा प्रयत्न करूनही दोष गेला नाही किंवा गाडी ठरावीक दिवस गॅरेजमध्येच राहिली, तर बदली गाडी किंवा पैसे परत मिळतात. हे कायदे गिअरबॉक्स आणि इंजिन डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेले. चालते, पण चार्ज करता येत नाही अशी गाडी त्यांत कशी बसवायची? ‘वापर, मूल्य किंवा सुरक्षितता यांना मोठी बाधा’ या कसोटीवर मालकांचे वकील विजेवर न चालणे हीच बाधा असल्याचे मांडतात. कंपन्यांचा युक्तिवाद असा, की वाहतुकीचे साधन म्हणून गाडी शाबूत आहे आणि रिकॉल सुरूच आहे. बॅटरीला बहुधा आठ वर्षे किंवा एक लाख मैलांची हमी असते, पण उपायाची वाट पाहण्यात गेलेले महिने हमीत भरून मिळत नाहीत.

भारतात हा प्रश्न अजून मोजक्या आणि महागड्या गाड्यांपुरता आहे. व्होल्व्होने २०१६ मध्ये एक्ससी-९० टी-८ सव्वा कोटीला आणली. बीएमडब्ल्यूची एक्सएम डिसेंबर २०२२ मध्ये २ कोटी ६० लाखांना आली. पुण्याजवळ रांजणगावला जीप रँग्लर २०२१ पासून जुळवली जाते, पण ती पेट्रोलचीच. फोर-बाय-ई इकडे विक्रीला आली नाही. त्यामागे कराचा हिशेब आहे. पूर्ण विजेच्या गाडीवर जीएसटी ५ टक्के, तर मोठ्या हायब्रिडला, प्लग असो वा नसो, पेट्रोल गाडीच्याच पंगतीत बसवले जाते; सप्टेंबर २०२५ पासून तो दर ४० टक्के आहे. त्यामुळे मारुती आणि टोयोटा यांनी इथे साध्या हायब्रिडवर भर दिला, आणि भारतीय ग्राहक प्लग-इनच्या कटकटीतून अनायासे वाचला असेही म्हणता येईल.

कायद्याची बाजू मात्र अपुरी आहे. स्वतंत्र लेमन लॉ नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०-ए आले आणि १ एप्रिल २०२१ पासून सक्तीच्या रिकॉलचे नियम लागू झाले; ते सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या गाड्यांना लागतात आणि दंड एक कोटीपर्यंत जाऊ शकतो. वैयक्तिक दाद ग्राहक संरक्षण कायद्याखाली मागावी लागते. तिथे आयोग ठरतो तो मोजलेल्या किमतीवरून: ५० लाखांपर्यंत जिल्हा, दोन कोटींपर्यंत राज्य, त्यापुढे राष्ट्रीय. म्हणजे अडीच कोटींच्या प्लग-इन एसयूव्हीची तक्रार नगरच्या किंवा नाशिकच्या मालकाला थेट दिल्लीच्या राष्ट्रीय आयोगापुढेच सुरू करावी लागेल.

उरलेले प्रश्न

रोज रिकामी होणारी लहान बॅटरी बारा-पंधरा वर्षांनी किती उरते, हे अजून फार थोड्या मॉडेलांबाबत पाहायला मिळाले आहे. आउटलँडरच्या पहिल्या गाड्या आता त्या वयाला पोचत आहेत. हमी संपलेल्या गाडीची बॅटरी बदलण्याचा खर्च तिच्या किमतीच्या जवळ जाऊ लागला तर जुन्या बाजारात तिचे काय होते, यावर या तंत्राचा खरा ताळेबंद अवलंबून आहे.

हवेतून आलेल्या सॉफ्टवेअरने बिघडलेल्या गाडीची जबाबदारी किती काळ आणि कोणाची, हे कोणत्याच देशात पुरते ठरलेले नाही. दुसऱ्या हाताच्या मालकाने गाडी घेतल्यावर पाच वर्षांनी आलेले अद्ययावतीकरण हमीत धरायचे की नाही, हा प्रश्न पूर्ण विजेच्या गाड्यांनाही लागू आहे. पण दोन यंत्रांची जुळणी सॉफ्टवेअरवर सोपवणाऱ्या प्लग-इनमध्ये तो आधी टोकाला गेला.

दरम्यान चीनमध्ये, आणि तिथून इतरत्र, वेगळी रचना पुढे येत आहे. तिच्यात चाके फक्त मोटरच फिरवते, बॅटरी बरीच मोठी असते आणि इंजिन केवळ वीज बनवणाऱ्या जनरेटरसारखे असते. ली ऑटोच्या मोठ्या एसयूव्ही याच पद्धतीच्या. क्लच आणि गिअरबॉक्स यांचा गुंता इथे सुटतो. टाकीतले पेट्रोल शिळे होणे, क्वचित चालणाऱ्या इंजिनाचे ऑइल आणि अनेक सेलपैकी एखाद्यातला दोष हे प्रश्न मात्र या रचनेतही जसेच्या तसे आहेत.